बुंगाटची नसबंदी करावी, की एकदा पिल्लं होऊ द्यावीत?

पोस्टकार्ड (९ सप्टेंबर, रात्री १०.५०)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर मुकाट वाचत असते, ह्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय. जरा लांबण लागेल. घरात हा विषय काढला की दुसऱ्या वाक्याला आवाज चढतात, म्हणून इथे आले.

आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. दीड एकर द्राक्षबाग आहे, घर बागेला लागूनच. मी पोस्टात. घरात मामंजी, सासूबाई, आमचे हे आणि बुंगाट. लेक पुण्याला शिकायला. बुंगाट हा आमचा कारवानी कुत्रा, वय २ वर्षं ८ महिने, रंग उकडलेल्या शेंगेच्या टरफलासारखा. जतकडच्या एका मेंढपाळाकडून ह्यांनी ३ हजाराला आणला. कागदबिगद काही नाही. "आई समोर बांधल्या, बघून घ्या" एवढंच त्याचं सर्टिफिकेट. नाव लेकीने ठेवलं, कारण हे पिल्लू कधी चाललंच नाही, बुंगाटच सुटायचं.

ह्या जातीचं मला आधीपासून कौतुक. २००५ साली आमच्या खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली होती: मुधोळ (म्हणजे आपला कारवानीच), रामपूर, राजपालयम आणि हिमालयन शीपडॉग. त्यातलं ५ रुपयांचं मुधोळचं एक माझ्या ड्रॉवरमध्ये तेव्हापासून जपून ठेवलंय. बुंगाट उभा राहिला की हुबेहूब तसाच दिसतो, फक्त तिकिटावरचा कुत्रा कुणाची चप्पल पळवत नाही.

तर आता मूळ मुद्दा. 'भाद्रपदातलं कुत्रं' ही शिवी लहानपणापासून ऐकलेली, तिचा अर्थ मात्र ह्या वर्षी कळला. तासगावच्या गणपतीचा रथ असतो ऋषिपंचमीला. आम्ही सगळे रथाला गेलो, बुंगाट घरी साखळीला. परत येऊन बघतो तर गळपट्ट्यासकट साखळी दारात पडलेली आणि कुत्रा गायब. तीन दिवस! हे मोटरसायकलवरून सावळजपर्यंत जाऊन आले, मी प्रत्येक पोस्टमनला सांगून ठेवलं. चौथ्या दिवशी पहाटे स्वतःच आला. उजवा कान फाटलेला, मांडीला दोन ठिकाणी दातांचे वार, पोट पाठीला टेकलेलं, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू पंढरपूर करून आलाय. पाणी प्यायला, झोपला, आणि संध्याकाळी पुन्हा फाटकाशी उभा राहून रडायला लागला. डॉक्टरांनी जखमा धुतल्या, टाके घातले, रेबीजचा बूस्टर दिला. जाता जाता म्हणाले, "ताई, ह्याची नसबंदी करून टाका."

तो शब्द उच्चारला आणि घरात युद्ध पेटलं.

मामंजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. १९७६ साली, आणीबाणीत, शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' आणायचं टार्गेट होतं, ते त्यांनी भोगलंय. वाड्यावस्त्यांवर जाऊन माणसं गोळा करायची, नाहीतर पगार अडकायचा. ज्यांना नेलं त्यांच्यातला एक जण पुढे मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. त्यामुळे 'नसबंदी' म्हटलं की ते ताट सारून उठतात. इथवर मी समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मुक्या जनावराचा वंश बुडवायचा का?"

आता मला एकच लेक. ती झाल्यावर दहा वर्षं हा 'वंश' शब्द मी ह्याच ओसरीवर ऐकला आहे. मग ऑपरेशनची वेळ आली तेव्हा ते कुणाचं करायचं, हा प्रश्नसुद्धा कुणी विचारला नाही. माझंच झालं. त्यामुळे कुत्र्याच्या निमित्ताने तो शब्द परत ऐकला आणि माझा जरा तोल गेला. मी म्हटलं, "मामंजी, ह्या दारातल्या एकूण एक खोंडाला तुम्ही स्वतः उभं राहून खच्चीचा चिमटा लावून घेतलात, तेव्हा कुठे गेला होता वंश?" त्यावर ते म्हणाले, बैलाचं वेगळं, बैलाला काम असतं. सासूबाई पदराआड हसत होत्या.

आमचे हे दोन्हीकडून नाहीत. त्यांना एवढंच वाटतं की "एकदा तरी होऊ दे, मग करू." कारण गेल्या आठवड्यात कवठेमहांकाळकडचा एक जण बुंगाटला बघून गेला. त्याच्याकडे कारवानी मादी आहे म्हणे. १० हजार रोख, नाहीतर वेतातली दोन पिल्लं, आपण निवडू ती. ह्यांचे डोळे चमकले. छाटणी तोंडावर आली आहे, १० हजार म्हणजे आठवड्याची मजुरी निघते. मला तो माणूस आवडला नाही. त्याने बुंगाटचे दात बघितले नाहीत, काय खातो विचारलं नाही, फक्त "ससं धरतंय का?" एवढंच विचारलं.

माझे प्रश्न:
एकदा पिल्लं झाली की कुत्रा शांत होतो, हे खरं का? ऑपरेशन केलं तर राखण करणं सोडेल का, लठ्ठ होऊन पडून राहील का? ह्या वयात करणं धोक्याचं आहे का? आणि कारवानी जात आधीच कमी होत चाललीय म्हणतात, मग चांगल्या नराला खच्ची करणं हे पाप तर नाही ना?

---

एकटा_जीव (९ सप्टेंबर, रात्री ११.१५)

ताई, बिचाऱ्याला एकदा तरी संसारसुख मिळू द्या हो. पुरुषाचं दुःख पुरुषालाच कळतं 😄

---

सलाईन (१० सप्टेंबर, सकाळी ७.०५)

पशुवैद्यक आहे, गावाचं नाव सांगत नाही.

एकटा_जीव, 'राहून गेलं' असं कुत्र्याला कधी वाटत नाही. ते मालकाला वाटतं आणि तो फी भरून ते मला सांगायला येतो. माजावर आलेल्या मादीचा वास आला की नर निघतो, वास नाही आला की झोपतो. मधल्या काळात तो हिशेब ठेवत नाही.

पोस्टकार्डताई, एकदा मादी दाखवली की कुत्रा शांत होतो, हे मी वीस वर्षं ऐकतोय आणि अजून एकही तसा कुत्रा पाहिलेला नाही. उलट बऱ्याच जणांची भटकण्याची आणि जागोजागी मुतण्याची खोड वाढते. नसबंदीने भटकणं, चढणं, नरांशी मारामाऱ्या हे बहुतेकांत बरंच कमी होतं. पण बटण दाबल्यासारखं नाही होत, दोन-तीन महिने धरा. आणि ऑपरेशननंतरही महिना-दीड महिना त्याच्यात बीज शिल्लक असू शकतं, तेवढे दिवस सांभाळा.

राखण सोडत नाही. भुंकणं आणि आपलं घर ओळखणं वृषणात नसतं. मात्र कुत्रा जर भीतीपोटी अंगावर जाणारा असेल, तर नसबंदीने तो सुधारत नाही, कधी कधी जास्तच बिथरतो. बुंगाट तसा आहे का, ते तुम्हालाच माहीत. लठ्ठपणाचं म्हणाल तर तो भाकरीतून येतो. ऑपरेशननंतर खाणं साधारण पाव हिश्श्याने कमी करा, पळणं चालू ठेवा.

वयाची काळजी नको. हाडांची वाढ पुरी होण्याआधी मोठ्या चणीच्या कुत्र्यांची नसबंदी केली तर सांध्यांचे त्रास वाढतात असं दिसलंय, म्हणून मी मोठ्या जातीत दीड वर्षाच्या आत हात लावत नाही. तुमचा त्यापुढे गेलाय. फायदे विचाराल तर वृषणाची गाठ होणार नाही, म्हातारपणी प्रोस्टेट सुजून शौचाला कुंथणं टळेल. प्रोस्टेटच्या कॅन्सरपासून मात्र संरक्षण मिळत नाही, कुणी तसं सांगत असेल तर ते चूक आहे.

आता खरी काळजीची गोष्ट. कारवानीसारख्या सडपातळ हाउंडच्या अंगावर चरबी नसते आणि काही भुलीची औषधं त्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात. जुनं थायोपेंटोन दिलं तर दुसऱ्या कुत्र्याला तासाभरात उभं करणारा डोस हाउंडला अर्धा दिवस आडवा पाडतो. तेव्हा जिथे गॅसवर भूल देतात अशाच ठिकाणी जा आणि "हाउंड आहे" हे दारातच सांगा. त्याआधी रक्त तपासा. आपल्या भागात गोचीड ताप इतका आहे की वरून ठणठणीत कुत्र्याचे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खाली गेलेले असतात, आणि ते टेबलावर रक्त थांबेना तेव्हा कळतं.

आणखी एक. तीन दिवस बाहेर होता ना? पुढचे काही महिने त्याच्या लिंगावर लक्ष ठेवा. रक्ताचे थेंब किंवा कोबीच्या गड्ड्यासारखी गाठ दिसली तर लगेच दाखवा. हा कुत्र्यांचा एक विचित्र कॅन्सर आहे, समागमातून त्याच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टीनची चार-सहा इंजेक्शनं देऊन बहुतेक बरा होतो, पण भोग आहेच.

---

खारीचा_वाटा (१० सप्टेंबर, दुपारी १.३०)

डोंबिवली. आमचा लॅब्रॅडोर नर, आम्हीही "एकदाच" केलं. मोबदल्यात एक पिल्लू मिळालं. दोन कुत्री फ्लॅटमध्ये झेपेनात म्हणून ते ऑफिसमधल्या एकाला दिलं. त्याने वर्षभराने बदली झाली म्हणून दुसऱ्याला दिलं, त्याने कुणाला दिलं ते त्यालाही आठवत नाही. मी तीन महिने शोधलं. त्याचे डोळे अगदी आमच्या कुत्र्यासारखे होते. एवढंच सांगायचं होतं.

---

हाडक्या (१० सप्टेंबर, रात्री ९.२०)

ताई रामराम. मी जत भागातला. आमच्यात तीन पिढ्या ही कुत्री हायती, आत्ता दोन माद्या अन् एक नर. लिवायची सवय न्हाई, समजून घ्या.

पयलं ते नावाचं. मुधोळ म्हणा, कारवानी म्हणा, एकाच चुलीवरची भाकरी. मुधोळच्या मालोजीराव घोरपडे सरकारांनी ही कुत्री विलायतेला पंचम जॉर्ज बादशाला दिली, तवापासनं तिकडं मुधोळ हाउंड. एक क्लब मुधोळ म्हणतो, दुसरा कॅरव्हान. अंगावर लांब केस असलं की आमी पश्मी म्हणतो. पण आता झालंय काय, शर्यतीच्या नादानं पोरं ग्रेहाउंडचा क्रॉस मारत्यात. पोट आत गेलेलं दिसलं की झालं, कारवानी. धा पिल्लांत दोन खरी मिळंनात. म्हणून तुमचा शेवटचा सवाल वाचला अन् बरं वाटलं. जातीची चिंता करणारं माणूस कमीच.

पण ताई, जात नुसत्या नरानं टिकत न्हाई. मी नर लावायच्या आधी पयलं बघतो, दोनी गोळ्या उतरल्यात का. एक पोटात ऱ्हायली आसंल तर तो नर कितीबी देखणा आसू दे, बाद. ते पिल्लांत उतरतं. मग दात, मग पाय. मग सोभाव. कारवानीला परका हात लावलेला खपत न्हाई, ते चालतंय, पण परका दिसल्यावर शेपूट घालून मुतणारा नको. अन् हे सगळं मादीचं डबल बघायचं. तुमी त्या गड्याची मादी बघितली का? तिचं वय काय, मागचं वेत कवा झालं? दीड वर्साच्या आतल्या मादीला न्हाई लावायची, तसा २०१७ चा सरकारी नियमच हाय, अन् आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं न्हाई. धंदा करायचा तर नोंदणी लागती. हे कुणी पाळत न्हाई ते सोडा.

मी नराचं पैसं घेत न्हाई. पिल्लू घेतो. अन् त्या मादीचं पिल्लू माझ्या दारात नको वाटलं तर नर लावतच न्हाई. सा-आठ पिल्लं होत्यात एका वेताला. दोन तुमी घेणार, ऱ्हायलेली कुटं जाणार ते त्याला आत्ताच इचारा.

अन् ते "ससं धरतंय का" म्हणला ना, तितंच मला कळलं. सशाची शिकार गुन्हा हाय, १९७२ च्या कायद्यात. वनखात्यानं धरलं तर कुत्रंबी जातंय अन् माणूसबी. आमच्या आज्यानं ससं मारलं, मी न्हाई म्हणत न्हाई. पण आता माळावर ससा दिसला तर मी पोरास्नी दावतो.

तुमच्या कुत्र्याचा फोटो बघितला. नर वाईट न्हाई. छाती चांगली हाय. नसबंदी केली तर मला मनातनं वाईट वाटंल. तरीबी त्या कवठेमहांकाळच्या गड्याला देऊ नका.

---

फ्योर्डकाठी (११ सप्टेंबर, पहाटे २.४०)

मूळ कोल्हापूर, आता नॉर्वे. इथे उलटं आहे. आरोग्याचं किंवा तसंच काही खास कारण नसेल तर निरोगी कुत्र्याची नसबंदी करायला कायदा परवानगी देत नाही. आमच्या गल्लीतले बहुतेक नर अखंड आहेत. काहींना त्रास झाला तर डॉक्टर आधी कातडीखाली सहा महिने पुरणारी औषधाची कांडी घालून बघतात, फरक पडला तर पुढचं.

पण हे वाचून लगेच "बघा, युरोपात करत नाहीत" असं म्हणू नका. इथे रस्त्यावर एकही मोकळं कुत्रं नाही. माझा कुत्रा तीन वर्षांत दोरीशिवाय फाटकाबाहेर गेलेला नाही. पोस्टकार्डताईंच्या घरी ते शक्य आहे का?

---

पोस्टकार्ड (११ सप्टेंबर, रात्री १०.१०)

सगळ्यांचे आभार. फ्योर्डकाठी, शक्य नाही हो. सहा फुटांची जाळी तो उभ्या उभ्या टपतो, आणि द्राक्षाला पाणी द्यायला रात्री-अपरात्री फाटक उघडावंच लागतं.

हाडक्यादादा, ह्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. मग त्यांनी त्या माणसाला फोन करून मादीचं वय विचारलं. "असंल की वर्सा-दीड वर्साची." बाकीची पिल्लं कुठे देणार, असं विचारल्यावर म्हणाला, "जात्यात की, कारवानी म्हटल्यावर कुटंबी जात्यात." ह्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ बागेत फिरत राहिले. मी काही बोलले नाही.

गोळ्या दोन्ही आहेत. ते बघायला घरातला एकही पुरुष तयार नव्हता, शेवटी मीच बघितलं.

---

गवतीचहा (१२ सप्टेंबर, सकाळी ८.४५)

पोस्टकार्ड, एक खवचट शंका. वंश वंश चाललंय, पण तो झालेला नाही कशावरून? ह्या भाद्रपदात तीन दिवस गेला, मग मागच्या भाद्रपदात वीस महिन्यांचा घोडा काय घरी बसून आरत्या म्हणत होता?

---

पोस्टकार्ड (१४ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३०)

गवतीचहा, तुझं वाक्य वाचून हसले आणि मग हसू थांबलं.

गेल्या वर्षीही तो दोन रात्री गायब होता. तेव्हा आम्ही फारसं मनावर घेतलं नव्हतं, जखम नव्हती ना. आमच्यापासून किलोमीटरभर एक बेदाण्याची शेड आहे. तिथल्या गावठी कुत्रीला गेल्या दिवाळीनंतर पिल्लं झाली होती, एवढं ऐकून होते. आज रविवार, भाजी आणायच्या निमित्ताने तिकडून गेले.

शेडवरची बाई म्हणाली, सहा होती. दोन थंडीत गेली, दोन ट्रॅक्टरखाली, एक कुणी पोत्यात घालून नेलं. एक राहिलीय. ती पोत्यांच्या थप्पीमागून बाहेर आली. रंग आईचा, काळा-पांढरा. पण पाय! गावठी कुत्रीचे पाय असे नसतात, उंटासारखे. लांब तोंड, पोट आत गेलेलं, ते जातीने की उपाशी म्हणून, कोण जाणे. पाठीवरचे केस खरजेने गेलेले. मी "यू यू" केलं तर दहा फुटांवर थांबली आणि मान वाकडी करून बघायला लागली. बुंगाट अगदी तशीच मान वाकडी करतो.

आता हिचा बाप कोण, ते कोर्टात सिद्ध होणार नाही. पण मी घरी येऊन मामंजींना म्हटलं, "तुमचा वंश बघायचा असेल तर शेडवर जाऊन या." चिडून म्हटलं, खोटं कशाला बोलू. ते काहीच बोलले नाहीत. सासूबाई मात्र म्हणाल्या, "अशी तोडू नकोस गं."

---

सलाईन (१४ सप्टेंबर, रात्री ९.५५)

रक्त तपासलंत का?

---

पोस्टकार्ड (१६ सप्टेंबर, रात्री ८.२०)

तपासलं. प्लेटलेट ८० हजार, गोचीड तापाची किट पॉझिटिव्ह. आणि कुत्रा खातोय, पळतोय, चपला पळवतोय! तुम्ही लिहिलं नसतं तर मी ह्याच आठवड्यात ऑपरेशनला नेणार होते. तालुक्यातल्या एका दवाखान्यात "काही तपासायची गरज नाही, उद्या आणा, अर्ध्या तासात मोकळा" असं सांगितलंही होतं.

---

सलाईन (१६ सप्टेंबर, रात्री १०.३०)

हाउंडचे प्लेटलेट इतर कुत्र्यांपेक्षा थोडे कमीच असतात, पण ८० हजार म्हणजे कमीच. डॉक्सी (गोचीड तापाच्या गोळ्या) २८ दिवस पूर्ण करा, मध्येच बरा दिसला म्हणून सोडू नका. रिकाम्या पोटी देऊ नका, ओकेल. नंतर पुन्हा रक्त तपासून मगच टेबल. आणि गोचिडांचं औषध अंगाला लावता तसं गोठ्यालाही मारा, त्या भिंतीच्या फटीत राहतात.

---

हाडक्या (१७ सप्टेंबर, सकाळी ६.१०)

ताई, डाक्टर बरोबर सांगत्यात. माझा एक नर असाच गेला, ऑपरेशनला न्हाई, नुसता पाय कापला काचंनं, रक्त थांबंना. त्याला आता सा वर्सं झाली.

---

पोस्टकार्ड (१९ ऑक्टोबर, दुपारी ४.१५)

दिवाळीच्या गडबडीत लिहितेय. चकलीचं पीठ भिजलंय, त्यामुळे पटापट.

डॉक्सीच्या गोळ्या झाल्या, प्लेटलेट २ लाखांच्या वर आले, १५ तारखेला सांगलीला ऑपरेशन झालं. गॅसची भूल. खर्च सगळा मिळून साडेसात हजार, तपासण्या वेगळ्या. नेताना आमच्या ह्यांनी गाडी चालवली पण आत यायला तयार नाहीत, बाहेर चहाच्या टपरीवर उभे. मी आत. डॉक्टरांना दारातच सांगितलं, हाउंड आहे. ते हसून म्हणाले, "दिसतोय." दोन तासांत तो डुलत डुलत उभा राहिला आणि पहिलं काम काय केलं असेल तर डॉक्टरांच्या टेबलाच्या पायावर तंगडी वर केली.

टाके अजून काढायचेत. गळ्यातला तो प्लास्टिकचा भोंगा त्याने पहिल्याच रात्री दारावर आपटून फोडला, म्हणून लेकीने जुन्या टी-शर्टची चड्डी शिवलीय. अख्खी वस्ती बघायला येऊन गेली. फाटकाशी रडणं कमी झालं का, हे आत्ताच सांगता येणार नाही, भाद्रपदही संपलाय. पुढच्या वर्षी रथाच्या दिवशी कळेल.

हाडक्यादादा, तुम्हाला वाईट वाटणार हे माहीत आहे. मलाही परवा ते ५ रुपयांचं तिकीट बघताना जरा वाटलं. पण मी ती जात टिकवू शकणारी बाई नव्हे. ते तुमच्यासारख्यांनी करावं, ज्यांना मादीचं मागचं वेत कधी झालं ते तोंडपाठ असतं. माझ्या हातून झाली असती ती शेडवरची सहा, आणि परत सहा.

मामंजींचं सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या दिवशी ते घरात नव्हते, मला वाटलं रागाने कुठे जाऊन बसले. संध्याकाळी आम्ही बुंगाटला घेऊन आलो तर ओसरीवर मामंजी, आणि त्यांच्या पायाशी सुतळीने बांधलेली ती शेडवरची काळी-पांढरी. कळलं ते असं की महिनाभर ते रोज फिरायला म्हणून तिकडेच जात होते, खिशात भाकरी घेऊन. खरजेचं औषधही जनावरांच्या दवाखान्यातून आणून तिला देत होते. मला बघून म्हणाले, "हिचंबी करून घ्यायचं असेल तर तू ने. मी येणार नाही." आणि वर्तमानपत्र उघडलं.

नसबंदीचा 'न' सुद्धा उच्चारला नाही, पण म्हणाले तर खरं.

तर आता नवा प्रश्न, सलाईन डॉक्टर. ही साधारण अकरा महिन्यांची असेल. भाद्रपदात तिला माज आला होता का, कुणाला माहीत नाही. शेडवरची बाई म्हणते, "कुत्री होती मागं, पण मागं तर कायम असत्यात." बुंगाटही त्याच तीन दिवसांत बाहेर होता, हे मनात आलं की मला कसंतरीच होतं. पोट दिसत नाही अजून. काय करू?

---

सलाईन (१९ ऑक्टोबर, रात्री ११.०५)

कसंतरी तुम्हाला होतं, त्यांना नाही. सोनोग्राफी करा. पंचवीस-तीस दिवसांपुढे गर्भ असेल तर दिसतो, तुमचे तेवढे झालेत. गाभण असो वा नसो, तिचंही आधी रक्त. शेडवर वाढलीय, गोचीड असणारच. मादीचं ऑपरेशन पोट उघडून असतं, नरापेक्षा मोठं, तेव्हा पुन्हा सांगलीलाच न्या.

दिवाळीचे दोन दिवस फटाक्यांमुळे दोघांना आतल्या खोलीत ठेवा, नवीन आहे ती, सुतळी तोडून पळेल. आणि नाव काय ठेवलंत?

---

पोस्टकार्ड (२० ऑक्टोबर, सकाळी ५.५०)

मामंजी तिला 'केस' म्हणतात.